राईस कुकर साताऱ्याहून आणू नकोस

तू दोन गोष्टी विचारल्यास: राईस कुकर साताऱ्यातच घेऊ का, आणि त्यात घरच्यासारखा मऊ भात होतो का.

आणू नकोस. तिकडची वीज २३० व्होल्ट, इथे अमेरिकेत १२०. अडॅप्टरने फक्त पिन बदलते, व्होल्टेज तेच राहतं. तिकडचा ७०० वॉटचा कुकर इथे जेमतेम १९० वॉट ओढतो. पाणी धड उकळत नाही आणि तांदूळ नुसता फुगून गिच्च होतो. जर्मनीला जाणाऱ्या तुझ्या मित्राला मात्र चालेल, तिथे २३०च आहे.

तांदूळही बॅगेत भरू नकोस, पाटणचा इंद्रायणी असला तरी. साठवलेल्या धान्याला लागणाऱ्या खापरा भुंगेरा या किडीमुळे भारतातून प्रवाशांना तांदूळ आणायला इथे बंदी आहे.

इथे आल्यावर साधा, एका बटणाचा कुकर घे. खोक्यावरचं ‘६ कप’ बऱ्याचदा शिजलेल्या भाताचं माप असतं, म्हणजे कच्चे तांदूळ ३ कप. दोघांना तेवढा पुरतो. सोबतचा प्लास्टिकचा कप जपून ठेव. तो साधारण १८० मिलीचा असतो, इथला मापाचा कप २४० चा. तांदूळ मोठ्या कपाने घेतला आणि पाणी भांड्यावरच्या रेघेपर्यंत ओतलं, की भात कच्चट राहणारच.

आता दुसरा प्रश्न. मऊ भात होतो, पण पाणी बरोबर घातलं तर. या कुकरला शिट्टी नाही, प्रेशर नाही, टायमरही नाही. बुडाखाली स्प्रिंगवर लोहचुंबक असतो. पाणी आहे तोवर बूड १०० अंशांच्या आसपास राहतं. पाणी तांदळात मुरलं की तापमान चढतं, चुंबकाची ओढ सुटते आणि बटण खटकन वर येतं. म्हणजे भात किती वेळ शिजणार हे तू ओतलेलं पाणीच ठरवतं.

एका कपाला बासमती (२० मिनिटं भिजवून निथळलेला) असेल तर दीड कप पाणी, जास्मिनला (थायलंडचा सुवासिक तांदूळ) सव्वा, इंद्रायणीला पावणेदोन. काही इंडियन स्टोअरमध्ये इंद्रायणी मिळतो. नाहीच मिळाला तर मऊपणात जास्मिन त्यातल्या त्यात जवळचा, वास मात्र वेगळा. तांदूळ जुना असेल तर पाव कप पाणी वाढव. पण दोन कप तांदूळ घेतलास म्हणून पाणी सरळ दुप्पट करू नकोस. वाफेत जाणारं पाणी दुप्पट होत नाही, म्हणून बासमतीला तीनऐवजी पावणेतीन पुरे. आईचं बोटाचं पेर तिच्या पातेल्यात बरोबर बसतं. रुंद भांड्यात थोडा तांदूळ असेल तर तेवढ्याच उंचीला पाणी फार होतं.

तांदूळ तीनदा तरी धू, नाहीतर पेज झाकणातून ओट्यावर येते. भांड्याचं बूड बाहेरून कोरडं पूस आणि कुकरमधल्या तापणाऱ्या तव्यावर एखादं शीत पडलंय का बघ. एका शितानेही भांडं तिरकं बसतं, चुंबकाला खरं तापमान कळत नाही. मग भात कच्चा तरी राहतो, नाहीतर करपतो. बटण उडाल्यावर १० मिनिटं झाकण उघडू नकोस. मग लाकडी उलथन्याने तळापासून हलव आणि प्लग काढ. ‘वॉर्म’वर तासन् तास ठेवलास तर तळाला खरपुडी धरते. उरलेला भात लगेच फ्रिजमध्ये टाक, बाहेर ठेवून सकाळी फोडणीला घालू नकोस.

तूरडाळीचं वरण यात होत नाही म्हटलं तरी चालेल, त्यासाठी छोटा प्रेशर कुकर वेगळा हवा. मूगडाळीची खिचडी चालते: अर्धा कप तांदूळ, पाव कप डाळ, सव्वादोन कप पाणी, भांडं निम्म्याच्या वर भरू नकोस, उतू जातं. फोडणी मात्र गॅसवर कढल्यात करून वरून ओत. कुकरमध्ये तेल टाकलंस तर मोहरी तडतडायच्या आत बटण उडतं, कारण तेल १०० वर थांबत नाही. चमचा अडकवून ते दाबून धरायची आयडिया लोक सांगतात. त्याने भांड्याचा नॉनस्टिक थर जळतो.