पॅथॉलॉजिस्ट रुग्णाला तपासतही नाही, मग ब्लड कॅन्सरच्या निदानात त्याचं योगदान काय?
पीटर नॉवेल यांचंच बघा ना. फिलाडेल्फियातले पॅथॉलॉजिस्ट. १९५० च्या दशकात त्यांनी ल्युकेमियाच्या, म्हणजे ब्लड कॅन्सरच्या पेशी चक्क नळाच्या पाण्याने धुतल्या. पेशी फुगल्या आणि गुंत्यातली गुणसूत्रं काचपट्टीवर सुटी सुटी दिसली! गुणसूत्रांतलं त्यांना फारसं कळत नव्हतं, म्हणून डेव्हिड हंगरफोर्ड या विद्यार्थ्याला सोबत घेतलं. १९६० मध्ये दोघांनी सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, ब्लड कॅन्सरचा एक प्रकार) असलेल्या रुग्णांत एक आखूड गुणसूत्र दाखवलं: फिलाडेल्फिया क्रोमोसोम. ते ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून होतं, हे १९७३ मध्ये शास्त्रज्ञ जॅनेट राउलींनी उलगडलं. २००१ मध्ये त्यावरची इमॅटिनिब ही गोळी बाजारात आली. सीएमएलच्या रिपोर्टवर 'बीसीआर-एबीएल पॉझिटिव्ह' लिहिलेलं असतं ना, ते याच आखूड गुणसूत्रावर जोडल्या गेलेल्या जनुकाबद्दल.