रात्री दोनची जाग, धडधड आणि संमोहन: उपयोग नेमका कुठे होतो

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ४८. चार महिन्यांपासून रात्री दोनच्या सुमारास जाग येते, घाम फुटतो, छाती धडधडते आणि मग पहाटेपर्यंत मुलाची फी, सासूबाईंचं ऑपरेशन, ऑफिसातलं ऑडिट डोक्यात फिरत राहतं. फॅमिली डॉक्टरांनी दिलेली अल्प्राझोलाम या चिंता कमी करून झोप आणणाऱ्या औषधाची अर्धी गोळी रोज घेता, ती सोडायची आहे. मोबाइलवर योगनिद्रा लावून पाहिलीत, आधी बरं वाटलं, नंतर चिडचिड व्हायला लागली. आता एका हिप्नोथेरपिस्टनं दहा सेशनचे पैसे आगाऊ मागितलेत आणि 'मूळ गेल्या जन्मात असू शकतं' असंही सुचवलंय. संमोहनाचा खरंच उपयोग होतो का, असं तुम्ही विचारलंय.

मी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समुपदेशक होते, निवृत्तीनंतर शिथिलीकरणाचे वर्ग घेते. तुमच्यासारख्या बायका आणि पुरुष मी खूप पाहिलेत. उपयोग होतो, पण ही तंत्रं झोप आणण्यासाठी वापरली की फसतात. ती दिवसा शिकायची असतात, आणि झोप येईल की नाही याची राखण बंद करण्यासाठी वापरायची असतात. तुमच्या योगनिद्रेचं नेमकं हेच झालं असणार. पहिले काही दिवस तुम्ही नुसतं ऐकलंत. मग 'आज तरी लागू दे' म्हणून ऐकायला लागलात, आणि एक कान रेकॉर्डिंगकडे, दुसरा स्वतःकडे, असं सुरू झालं.

निद्रानाश जुना झाला की मूळ कारण बाजूला पडतं. कारण संपलं तरी अंथरूण म्हणजे जागरण, हे शरीर शिकलेलं असतं. पाठ टेकली की नाडी वाढते, जबडा आवळतो, खांदे कानांकडे चढतात. शिथिलीकरणाचं काम हा गजर खाली आणण्याचं आहे. पुढचं शरीराला माहीत असतं.

संमोहनाबद्दल आपल्याकडे दोन टोकं दिसतात, स्टेजवरचे प्रयोग तरी किंवा वशीकरणाची भीती तरी. प्रत्यक्षात संमोहित माणूस झोपलेला नसतो. मँचेस्टरचा सर्जन जेम्स ब्रेड यानं १८४०च्या दशकात या प्रकाराला नाव दिलं आणि ही झोप नव्हे, एकवटलेलं लक्ष आहे, हे पुढे त्याच्याही ध्यानात आलं. तुम्हाला आवाज ऐकू येत असतो, नको असेल तर डोळे उघडता येतात, मनाविरुद्ध गुपितं बाहेर पडत नाहीत. लक्ष एका जागी स्थिर झालं की सूचना शरीरापर्यंत लवकर पोचते, एवढंच त्यातलं रहस्य. सगळ्यांना ते सारखं जमत नाही. काहींना पटकन जमतं, काहींना जवळजवळ नाही, बहुतेक जण मधले. हा स्वभावातला फरक आहे, त्यात हुशारी-बिशारी काही नाही.

झ्युरिकमध्ये ७० तरुण स्त्रियांवर एक प्रयोग झाला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दुपारच्या झोपेआधी त्यांना संमोहनाची ध्वनिफीत ऐकवली. सूचना सहज स्वीकारणाऱ्या स्त्रियांमध्ये गाढ झोपेचं प्रमाण साधी फीत ऐकण्याच्या मानानं सुमारे ८० टक्क्यांनी वाढलं, मेंदूच्या आलेखावर मोजून. ज्यांना सूचना लागू पडत नाहीत, त्यांच्यात हा फायदा दिसला नाही. मात्र त्या निरोगी, नीट झोपणाऱ्या स्त्रिया होत्या, हे विसरू नका. २०१८च्या एका आढाव्यात संमोहन आणि झोप यांवरचे २४ अभ्यास तपासले गेले. निम्म्याहून थोड्या जास्त अभ्यासांत फायदा दिसला, बरेच अभ्यास लहान होते. म्हणजे आशा ठेवायला जागा आहे, दहा सेशनचे पैसे आगाऊ मोजण्याइतकी खात्री नाही.

खात्रीचा उपाय दुसरा आहे आणि तो आपल्याकडे फार कमी जणांना सांगितला जातो. जुन्या निद्रानाशासाठी वापरतात ती वर्तनोपचार पद्धत, सीबीटी-आय. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ मध्ये प्रौढांसाठी तोच पहिला उपचार सांगितला, गोळ्यांच्याही आधी. शिथिलीकरण त्याचाच एक भाग असतं. संमोहन त्याच्या जोडीला घ्यावं, त्याच्या जागी नाही, हे माझं ठाम मत.

आता करायचं काय ते सविस्तर सांगते, कारण सगळं यावरच अवलंबून आहे.

दिवसातली एक वेळ ठरवा. ऑफिसातून आल्यावर, चहा झाल्यावर, स्वयंपाकाला लागायच्या आधी वीस मिनिटं. घरच्यांना सांगा, दार लोटा, चटईवर पडा. पलंगावर नको. एडमंड जेकबसन या शिकागोच्या डॉक्टरांनी १९२० आणि ३०च्या दशकांत बसवलेली पद्धत आपल्या लोकांना सर्वांत लवकर जमते असं मी पाहिलंय, कारण तिच्यात 'सैल सोडा' एवढंच सांगून माणसाला वाऱ्यावर सोडत नाहीत. आधी ताण द्यायचा, मग सोडायचा. उजवी मूठ आवळा, पाच-सहा सेकंद, पूर्ण जोर नको. कुठे ओढ बसतेय ते बघा. मग एकदम सोडा आणि निदान वीस सेकंद काही करू नका, हातात काय बदलतंय ते नुसतं जाणवू द्या. मग डावी मूठ, दंड, कपाळ, डोळे, जबडा, खांदे, पोट, मांड्या, पोटऱ्या. पोटरीत गोळा येत असेल तर पाऊल ताणू नका, पंजे स्वतःकडे ओढा. जबड्यावर जास्त वेळ द्या. दिवसभर गिळलेली उत्तरं तिथेच साठतात.

पंधरा दिवस रोज हे केलंत की ताण आणि सैलपणा यांतला फरक कळायला लागतो. मग लोकलमध्ये उभ्या असताना खांदे चढलेत हे आपोआप लक्षात येतं आणि खाली सोडता येतात. खरा फायदा तिथे सुरू होतो. रात्रीचा गजर दिवसभर थोडा थोडा भरत आलेला असतो.

शवासन ज्यांना जमतं त्यांनी तेच करावं. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्याचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. बऱ्याच जणांचा रक्तदाब उतरला, काहींच्या गोळ्या कमी करता आल्या. तो अभ्यास झोपेचा नव्हता, पण नुसतं शिस्तीत पडून राहण्यानं शरीर किती खाली येतं हे आपल्याच शहरातल्या डॉक्टरांनी मोजून दाखवलं, याचं मला फार अप्रूप आहे.

शरीर सैल झालं की स्वसंमोहन. वेगळं काही लागत नाही. डोळे मिटून ओळखीची एखादी उतरण मनात आणा. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कुणी नदीच्या घाटाच्या पायऱ्या घेतात, कुणी आजोळच्या माडीचा जिना. दहापासून एकपर्यंत मोजत उतरायचं, प्रत्येक पायरीला लांब श्वास सोडायचा. शेवटच्या पायरीवर पायाला काय लागतं, वास कसला येतो, आवाज कोणता, ते बारकाईनं पाहायचं. मग स्वतःला एक-दोन वाक्यं, सावकाश, श्वास सोडताना. ती वाक्यं आपल्या बोलीत हवीत. मालवणीत विचार करणाऱ्या बाईनं पुस्तकी मराठीत सूचना दिल्या तर त्या आत जात नाहीत. 'मला आज झोप लागणारच' असलं वाक्य घेऊ नका, मन लगेच तपासायला बसतं. 'अंग जड होतंय, होऊ दे. जाग आली तरी मी अशीच निवांत पडून राहू शकते. आत्ता काही ठरवायचं नाहीये.' असं चालतं. शेवटी एकपासून पाचपर्यंत मोजून डोळे उघडायचे, हातपाय ताणायचे. स्वतःच्या किंवा जवळच्या माणसाच्या आवाजात हे रेकॉर्ड केलंत तर कुठल्याही ॲपपेक्षा चांगलं. गाडी चालवताना असलं काही ऐकू नका.

आता रात्री दोनचं. घड्याळ उलटं करून ठेवा, मोबाइल हाताच्या अंतरावर नको. जाग आली तर उतरणीची तीच वाक्यं एकदा म्हणा. एकदाच. अंदाजे वीस मिनिटं गेली आणि चिडचिड सुरू झाली की उठा. रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञानं १९७२ मध्ये मांडलेला हा नियम आजही सीबीटी-आयचा कणा आहे: अंथरूण फक्त झोपेसाठी, जागं राहायचं तर दुसरीकडे. एका खोलीत चौघं झोपत असतील तर दुसरीकडे कुठे जायचं, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. खोली बदलायची गरज नाही, अंथरूण सोडायचंय. भिंतीला टेकून चटईवर बसा, मंद दिवा, जुना दिवाळी अंक. पेंग आली की परत. सकाळी कितीही झोप झालेली असो, उठायची वेळ तीच. दुपारी लवंडायचं नाही, आणि चारनंतरचा चहा बंद. सुरुवातीचे दिवस जड जातात, घरच्यांना आधी सांगून ठेवा.

मुलाची फी आणि ऑडिट यांना दिवसातच वेळ द्या. संध्याकाळी वीस मिनिटं वही घेऊन बसा, एका बाजूला चिंता, दुसऱ्या बाजूला उद्याची एक कृती. जिला कृतीच नाही अशीही चिंता असते, सासूबाईंच्या ऑपरेशनचं काय होईल यासारखी. ती तशीच लिहायची. रात्री तीच आली तर 'वहीत आहेस' एवढंच तिला सांगायचं.

एक गोष्ट रेकॉर्डिंगवाले सांगत नाहीत. काही माणसांना सैल व्हायला लागल्यावरच घाबरायला होतं. तरंगल्यासारखं वाटतं, आपला ताबा सुटतोय असं वाटून धडधड वाढते. हे ओळखीचं आहे, संशोधनातही नोंदलेलं आहे, आणि त्याचा अर्थ तुमच्यात काही बिघाड आहे असा नाही. अशा वेळी डोळे उघडे ठेवा, बसून करा, श्वासाकडे न बघता तळपायांकडे लक्ष द्या, वेळ पाच मिनिटांवर आणा. पूर्वी मोठा आघात झालेला असेल, भास होत असतील, किंवा मनःस्थिती टोकाला जाण्याचा आजार असेल, तर संमोहन एकट्यानं करू नये, मानसोपचारतज्ज्ञांना विचारूनच करावं.

आता तुमच्या घामाकडे येते. या वयात रात्री घाम फुटून जाग येते म्हटल्यावर पाळी जायच्या दिवसांतल्या गरम झळा आधी पाहायला हव्यात. इथे संमोहनाची बाजू चांगलीच भक्कम आहे. अमेरिकेत बेलर विद्यापीठाच्या गॅरी एल्किन्स यांनी १८७ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या एका गटाला आठवड्याला एक अशी संमोहनाची पाच सेशन्स दिली आणि घरी रोजचा सराव दिला. बाराव्या आठवड्यापर्यंत त्या गटात झळा सरासरी ७४ टक्क्यांनी कमी झाल्या. झोपही सुधारली. त्या सूचना झोपेच्या नव्हत्या, गारव्याच्या होत्या: थंड वारा, पाणी, सावली. तुमच्या उतरणीच्या तळाशी गार पाणी ठेवून बघा.

पण त्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन. तुम्ही घोरता का, मध्येच श्वास अडकतो का, हे घरच्यांना विचारा. श्वास अडकत असेल तर त्याची वेगळी तपासणी आणि वेगळा उपचार आहे, तिथे कुठलीही सूचना कामाची नाही.

अल्प्राझोलाम मनानं एकदम बंद करू नका. अर्धी असली तरी. अचानक थांबवली की झोप आणि धडधड दोन्ही आधीपेक्षा वाईट होऊन परततात, क्वचित झटकेही येतात, आणि माणूस समजतो की आपल्याला गोळीशिवाय जगताच येणार नाही. डॉक्टरांना 'सोडायची आहे, उतरवून द्या' असं स्पष्ट सांगा. शिथिलीकरण अंगवळणी पडल्यावर उतरवायला घेतलंत तर सोपं जातं.

त्या पॅकेजला माझा नकार आहे. गेल्या जन्माची गोष्ट काढली तिथेच उठायला हवं होतं. लक्ष एकवटलेलं असताना माणूस सुचवलेल्या गोष्टी आठवणी म्हणून स्वीकारू शकतो, आणि अशा खोट्या आठवणींनी नाती मोडलेली मी पाहिली आहेत. ज्याचा मूळ व्यवसाय मानसोपचाराचा आहे त्याच्याकडेच संमोहन घ्या: मानसोपचारतज्ज्ञ, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. पहिल्या भेटीत तो झोपेची सगळी हकीकत विचारेल, चालू गोळ्या विचारेल, आणि घरी करायचा सराव शिकवेल. पैसे भेटीगणिक द्या.

कामाच्या दिवशी सुट्टी मिळत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं. रात्री दोनला धडधड फारच वाढली आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर त्याच क्षणी तो फिरवा आणि घरातल्या कुणाला तरी उठवा. पंधरा दिवसांचा सराव झाला की इथे लिहा. कुठे अडतंय ते सांगा, त्याप्रमाणे तुमच्या बोलीतली वाक्यं मी बसवून देईन.