हात बसेपर्यंत

रेणुका खुर्चीत बसली, प्लॅस्टिकची फाइल मांडीवर घेतली आणि तासभर ती खाली ठेवलीच नाही. बी.एस्सी. नर्सिंगचं शेवटचं वर्ष. मूळची लातूरकडची, चार वर्षं पुण्यात होस्टेलवर. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, तिला विचारूनच लिहितेय.) झोप उडाली होती, जेवणावरची वासना गेली होती, पुस्तक उघडलं की तेच पान पुन्हा पुन्हा वाचत बसायची.

"मॅडम, मला नोकरीच लागणार नाही. सीनियर सांगतात, पंधरा हजारांच्या वर कुणी देत नाही. पप्पांनी कर्ज काढलंय. रोज रात्री फोन करून विचारतात, काही कळलं का? मी काय सांगू त्यांना?"

शेवटच्या वर्षाच्या मुली माझ्याकडे समुपदेशनाला आल्या की थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळतं. "अगं, नर्सना कुठे कामाची कमी आहे?" असं पूर्वी मी चटकन बोलून जायचे. तसं बोललं की समोरची मुलगी गप्प होते. ससूनपासून गल्लीतल्या पंधरा खाटांच्या नर्सिंग होमपर्यंत सगळीकडे नर्स लागतेच, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. 'नोकरी' या एका शब्दात तिने चार-पाच वेगवेगळ्या भीती कोंबलेल्या असतात. त्या आधी सुट्या कराव्या लागतात.

म्हणून तिला कागद दिला. म्हटलं, डोक्यात येईल ते लिही, क्रम लावू नकोस. कर्जाचा हप्ता. पप्पा. सरकारी परीक्षा. मैत्रिणी जर्मन शिकतात. आणि अगदी खाली, बारीक अक्षरात, 'प्रॅक्टिकल'.

हप्त्यापासून सुरुवात केली, कारण त्याचं उत्तर तिच्या मांडीवरच होतं. फाइलमधून बँकेचं मंजुरीपत्र काढून दोघींनी वाचलं. निकाल लागला की पुढच्याच महिन्यापासून हप्ता, असं ती धरून चालली होती. शैक्षणिक कर्जात साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराची सवलत असते, तिच्या पत्रातही होती. व्याज चढत राहतं, ते काही माफ नसतं. पण एक वर्ष हातात होतं. ती ओळ तिने मोबाइलमध्ये टिपली आणि त्या रात्री पप्पांना वाचून दाखवली.

पगाराचं मात्र खोटं गोड बोलले नाही. खासगीत सुरुवातीला कमीच मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये या प्रश्नात लक्ष घातलं आणि केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली की 50 पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयानेही नर्सला महिना किमान 20,000 द्यावेत, 200 च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतकं वेतन द्यावं. बऱ्याच ठिकाणी ते कागदावरच राहिलं. हे तिला मुद्दाम सांगितलं. पगार कमी म्हणजे आपलीच लायकी कमी, असा हिशेब ती मनात मांडत होती. तो मला मोडायचा होता.

मग वाटा. एम्सची नॉरसेट परीक्षा आहे, सरकारी नर्सभरतीची. बी.एस्सी. झालेल्यांना त्यासाठी अनुभवाची अट नाही. नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन 44,900 पासून सुरू होतं. वयाची मर्यादा 30 (आरक्षित प्रवर्गांना सवलत), म्हणजे तिच्याकडे बरीच वर्षं होती. नर्स म्हणून जर्मनीला जायचं तर जर्मन भाषा बी1-बी2, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत न्यावी लागते, ते चार महिन्यांत उरकत नाही. एकाच वेळी दोन्हीकडे धावू नकोस, एवढंच मी म्हणाले. तिने नॉरसेट धरली. निकालानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात येईपर्यंतचे दिवस रिकामे आणि वाईट जातात, म्हणून त्या दिवसांचं अभ्यासाचं वेळापत्रक आधीच करून ठेवलं. आणखी एक गोष्ट मी प्रत्येकीला बजावते, तिलाही बजावली: रुजू होताना मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवायची नाहीत. दाखवायची, झेरॉक्स द्यायची आणि परत घ्यायची.

एवढं होऊनही झोप येईना.

तिसऱ्या भेटीत माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. बोलताना ती उजव्या हाताच्या बोटाने डाव्या हाताची शीर चाचपत होती. दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. विचारलं, "हे काय करतेस गं?" तिने हात झटकन फाइलखाली घेतला आणि मग रडायलाच लागली.

"मॅडम, चार वर्षांत मी नीट सलाईन लावलेलंच नाही."

वॉर्डातल्या पोस्टिंगला एका खाटेभोवती आठ-आठ मुली उभ्या. सिस्टर घाईत. दुसऱ्या वर्षी एका आजोबांना इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत बसवायची बारीक नळी) लावताना तिची सुई चुकली, हात सुजला, आणि नातेवाईक सगळ्या वॉर्डासमोर ओरडले, "शिकाऊ पोरींना हात लावू देऊ नका!" तेव्हापासून ती मागे उभी राहायला लागली. बीपी घ्यायची, चार्ट भरायची, अक्षर सुंदर म्हणून शाबासकी मिळवायची. केस बुक, म्हणजे केलेल्या कामांची नोंदवही, सह्यांनी भरलेलं आणि हात रिकामे. मुलाखतीत कुणी "करून दाखव" म्हटलं तर? 'नोकरी लागणार नाही'च्या तळाशी हे बसलं होतं.

इथे मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. दोष या मुलींचा नाही. ज्यांनी सह्या केल्या त्यांनी एकदा तरी विचारायला हवं होतं, तुझा हात बसलाय का?

इंटर्नशिपचे काही आठवडे बाकी होते. आधी कॉलेजच्या लॅबमधल्या रबरी हातावर रोज सराव. मग वॉर्डात इन-चार्ज सिस्टरना विचारायचं. हे विचारणंच तिला सुईपेक्षा अवघड वाटत होतं, म्हणून माझ्या खोलीत आम्ही त्याची तालीम केली. मी सिस्टर झाले. पहिल्यांदा ती जमिनीकडे बघत पुटपुटली. चौथ्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, "सिस्टर, माझा हात अजून बसलेला नाही. आज एक इंट्राकॅथ तुमच्यासमोर मला लावू द्याल का?" दोनदा नाही जमलं तर थांबायचं आणि सीनियरला बोलवायचं, हेही ठरवलं. अनुभवी सिस्टरही असंच करतात, त्यात कमीपणा नाही.

पहिल्या सिस्टर "नंतर बघू" म्हणाल्या. दुसऱ्या, नाइट ड्यूटीच्या, थांबल्या. तिने एक छोटी वही केली: तारीख, कितव्या प्रयत्नात, काय चुकलं. पहिल्या पानावर चुकाच जास्त होत्या. ती वही मी केस बुकापेक्षा मोलाची मानते.

आता ती चिंचवडच्या एका मध्यम रुग्णालयात आहे. पगार 18,000. नॉरसेटचा पहिला प्रयत्न हुकला, दुसऱ्याची तयारी चालू आहे. पप्पांचा फोन अजून रोज येतो.

परवा ड्यूटीच्या आधी भेटायला आली. चहा झाल्यावर म्हणाली, "मॅडम, हात द्या बघू." मनगटाच्या वर पट्टा बांधल्यासारखं तिने घट्ट धरलं, डोळे दुसरीकडे वळवले आणि बोट फिरवत राहिली.

"दिसत नाही तुमची," ती म्हणाली, "पण हाताला लागते."