कोथिंबिरीच्या काड्या आपण का टाकत नाही?

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझ्या मैत्रिणी कोथिंबिरीची पाने खुडून काड्या फेकून देतात आणि आपल्या घरी त्या वाटणात जातात, ती केवळ आपली काटकसर आहे का, असे तू विचारले आहेस. काटकसर त्यात आहेच आणि ती मला मोलाची वाटते. परंतु मुख्य कारण चवीचे आहे. कोथिंबिरीच्या पानांचा वास उष्णतेने लवकर उडून जातो, म्हणून आमटी उतरवल्यानंतर आपण ती वरून पेरतो. काडी त्या मानाने रसदार आणि भरीव असते, तिचा स्वाद शिजवण्यात अधिक तग धरतो, आणि म्हणून ओले खोबरे, हिरवी मिरची, आले व लसूण यांच्याबरोबर तिला वाटणात जागा मिळते. पाने वाटणात घालून काड्या टाकणे मला तर उलटाच व्यवहार वाटतो.

मात्र सगळ्याच काड्या सरसकट घेऊ नकोस. आजी कोथिंबीर निवडताना काडी बोटांनी मोडून पाहते, ते याचसाठी. कट्कन मोडली तर ती कोवळी आहे. वाकली आणि दोरे निघाले तर ती जून झाली आहे, आणि असा मुळाकडचा भाग काढून टाकावा. काडीतले धागे उभे असतात, त्यामुळे ती नेहमी आडवी आणि अगदी बारीक चिरावी, म्हणजे ते धागे तुटतात आणि घास दाताखाली चिवट लागत नाही. चटणी वाटताना आधी काड्या, मिरच्या आणि मीठ फिरवून घे आणि पाने शेवटी घाल, म्हणजे पाणी कमी लागते आणि पाने फार वेळ फिरून काळपट होत नाहीत. कोथिंबीर वडीसाठी मात्र मी फक्त शेंड्याकडच्या काड्या घेते, कारण जाड काडी मध्ये आली की उकडलेला उंडा कापताना वडी तुटते. माती मुळाजवळच्या पेरात अडकून बसते, तेव्हा जुडी चिरण्यापूर्वीच भरपूर पाण्यात खळबळून धुवावी.

इतर पाल्यांचा न्याय वेगळा आहे. पुदिन्याचे कोवळे शेंडे चटणीत चालतात, पण खालचे देठ काष्ठासारखे आणि कडवट असतात. शेपूच्या बारीक काड्या भाजीत सहज शिजतात. मेथीच्याही कोवळ्याच घ्याव्यात. कढीपत्त्याचा दांडा खाण्याजोगा कधीच नसतो, त्याची पाने ओरबाडून घ्यावीत. तुझ्याकडच्या बाजारात पार्सली मिळते, तिचे देठ दोऱ्याने बांधून सूपच्या पाण्यात उकळावेत आणि वाढण्यापूर्वी जुडी बाहेर काढावी.

देठांचा मान आपल्याकडे किती आहे, हे पाहायचे असेल तर अळूची देठी करून बघ. ते देठ सोलून, चांगले शिजवून, दही आणि फोडणी घालून आपण त्यांचा स्वतंत्र पदार्थ करतो. मात्र अळूच्या कच्च्या देठात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि त्यांनी घसा खवखवतो, म्हणून हाताला तेल लावून सोलावे आणि शिजवताना चिंचेचा कोळ घालावा.

तुझी आई