‘प्रार्थना करते, तरी शांती का मिळत नाही?’

“ताई, माझा विश्वास खोटा आहे का?”

खुर्चीत नीट टेकायच्या आतच तिने विचारलं. पन्नाशी उलटलेली, वीसहून अधिक वर्षं संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवलेली बाई. मांडीवर पिशवी, पिशवीत बायबल, आणि त्यावर दोन्ही हात घट्ट दाबलेले. नवऱ्याच्या कर्करोगाचे उपचार काही महिन्यांपूर्वी संपले होते. आता दर तीन महिन्यांनी स्कॅन. स्कॅन झाला की रिपोर्टची वाट, रिपोर्ट चांगला आला की आठवडाभर हायसं वाटायचं, आणि मग पुढच्या तारखेची धास्ती. रात्री तीनला जाग यायची. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या. नवऱ्याचा श्वास चालू आहे ना, हे अंधारात कान देऊन ऐकायची आणि मग उजाडेपर्यंत डोळा लागायचा नाही.

पण ती आली होती ते या धास्तीसाठी नव्हे. तिने बायबल उघडून माझ्यासमोर ठेवलं. फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय, सहावं वचन: “कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका.” त्याखाली पेनाने रेघ होती. एकदा नव्हे, अनेकदा ओढलेली, इतकी दाबून की पातळ कागद त्या जागी फाटला होता.

“आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या एक जणी म्हणाल्या, विश्वास पक्का असला की भीती राहत नाही. मी रोज प्रार्थना करते. तरी हात कापतात. मुलांना मी शिकवते की प्रभू शांती देतो. कुठल्या तोंडाने शिकवू?” प्रार्थनासभेला जाणं तिने दीड महिन्यापासून बंद केलं होतं. साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची वेळ आली तर काय सांगणार, म्हणून.

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तिची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे.)

मी समुपदेशन करते, आणि हा प्रश्न माझ्याकडे शब्द बदलून पुन्हा पुन्हा येतो. कुणाची नोकरी टांगणीला असते, कुणाचं मूल दूर असतं, कुणाचं घर मोडायला आलेलं असतं. ख्रिस्ती माणूस अशा वेळी दोन ओझी वाहतो: एक भीतीचं आणि दुसरं, भीती वाटते याच्या शरमेचं. माझ्या अनुभवात हे दुसरं ओझंच माणसाला आधी वाकवतं. भीती निदान कुणाला सांगता येते. शरम सांगता येत नाही, म्हणून माणूस आधाराच्या जागेपासूनच दूर जातो.

पहिल्या भेटीत मी वचनाला हात लावला नाही. झोप, भूक, धडधड किती दिवसांपासून आहे ते विचारलं. चिंतेचं प्रमाण बघायला सात प्रश्नांची एक चाचणी असते, गेल्या दोन आठवड्यांबद्दलची. एकूण गुण 21. 10 किंवा त्याहून जास्त आले तर पुढे नीट तपासावं लागतं. तिचे 15 आले. मी तिला डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइडसकट तपासण्या करून घ्यायला सांगितलं, कारण थायरॉइड वाढलं तरी अशीच धडधड आणि कंप होतो.

ती दुखावली. “म्हणजे माझं हे आत्मिक नाहीच म्हणता?”

तेव्हा मी तिला एलीयाची गोष्ट आठवून सांगायला लावली. मुलांना तिने ती कितीदा तरी सांगितली असणार. 1 राजे, 19वा अध्याय. जिवाच्या भीतीने पळालेला संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे आता, माझा प्राण घे. देव काय करतो? रागावत नाही, विश्वास कुठे गेला असं विचारत नाही. एलीया झोपतो. देवदूत येऊन त्याला उठवतो, भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला देतो. म्हणतो, वाट तुला झेपणार नाही. “एलीया, तू इथे काय करतोस?” हा प्रश्न फार नंतर येतो, चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर.

ती बोलता बोलता थांबली. “मी मुलांना पुढचा, देव मंद वाणीत बोलतो तो भाग सांगते. झोपेचा भाग गाळूनच टाकते.”

तपासण्या झाल्या. थायरॉइड ठीक निघालं. मनोविकारतज्ज्ञांनी गोळी सुरू केली आणि परिणाम जाणवायला काही आठवडे लागतील हेही सांगितलं. तिला ती घेताना अपराधी वाटायचं. तिच्या त्या वचनाचं पत्र लिहिणाऱ्या पौलानेच कलस्सैकरांना लिहिताना आपला सोबती लूक याचा उल्लेख ‘प्रिय वैद्य’ असा केला आहे, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते: प्रार्थनेने बरं वाटायला लागलं म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका. चिंता महिनोन्‌महिने हटत नसेल, झोप आणि रोजची कामं बिघडत असतील, तर मदत घ्या. आणि जगणं नको असे विचार येत असतील, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा. प्रार्थना त्या वाटेवरही करता येते.

दुसऱ्या भेटीत माझी चूक झाली. तिला धीर द्यावा म्हणून मी मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायाकडे वळले: आकाशातली पाखरं आणि रानातली फुलं पाहा, चिंता करू नका. वचन सुंदर आहे, पण वेळ चुकली. तिने मान हलवली, “हो ताई” म्हणाली आणि हात पुन्हा पिशवीवर दाबले. मंडळीतल्या बाईंनी केलं तेच मी केलं होतं, फक्त गोड आवाजात. पुढच्या भेटीत मी तिची क्षमा मागितली आणि म्हटलं, आपण तुमचं ते फाटलेलं पान वाचू. पण एक ओळ नाही, पत्र पहिल्यापासून.

चार अध्यायांचं पत्र. मोठ्याने वाचलं, आळीपाळीने. आणि आम्ही दोघी चकित झालो, कारण एवढी वर्षं दोघींनी ते तुकड्या-तुकड्यांतच वाचलं होतं. लिहिणारा बेड्यांत आहे. आपण जगणार की मरणार हे त्याला ठाऊक नाही, आणि तसं तो पहिल्याच अध्यायात लिहितो. दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो की माझं काय होतंय ते समजताच मी तीमथ्याला, म्हणजे आपल्या तरुण सहकाऱ्याला, तुमच्याकडे पाठवीन. हे वाक्य तिने पुन्हा वाचलं. मग हळूच म्हणाली, “म्हणजे पौलाचाही रिपोर्ट यायचाच होता.”

पुढे एपफ्रदीत येतो. फिलिप्पैहून पौलाला मदत घेऊन आलेला हा सोबती मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला होता आणि बरा झाला. पौल लिहितो, देवाने त्याच्यावर दया केली, आणि केवळ त्याच्यावर नाही तर माझ्यावरही, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. त्याला परत पाठवतो आहे, म्हणजे तुम्हाला आनंद होईल आणि माझंही दुःख हलकं होईल. ‘चिंता करू नका’ लिहिणारा हात हाच. जवळच्या माणसाच्या आजारपणात त्याचाही जीव थाऱ्यावर नव्हता, आणि ते त्याने लपवलं नाही. करिंथकरांना तर त्याने स्पष्टच लिहिलंय की सगळ्या मंडळ्यांची चिंता माझ्यावर रोज असते.

मी तिला आणखी एक गोष्ट दाखवली. चौथ्या अध्यायात ‘चिंता करू नका’ यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे, तेच दुसऱ्या अध्यायात तीमथ्याबद्दल येतं, आणि तिथे ते कौतुकाने येतं: तुमची मनापासून काळजी करील असा दुसरा कुणी माझ्याजवळ नाही. काळजी करणं हेच पाप असतं, तर पौलाने तीमथ्याची वाखाणणी त्याच शब्दाने केली नसती. रात्री तीनला ती नवऱ्याचा श्वास ऐकत होती, त्यात प्रेमच होतं. फक्त त्या प्रेमाला जायला जागा नव्हती.

ती जागा वचनातच सांगितलेली आहे. “चिंताक्रांत होऊ नका” यावर वाक्य संपत नाही. पुढे ‘तर’ आहे: प्रार्थना आणि विनंती करून, आभार मानून, आपली मागणी देवाला कळवा. मी विचारलं, “तुम्ही प्रार्थनेत काय म्हणता?”

“प्रभू, मला शांती दे. प्रभू, मला शांती दे. तीस-चाळीस वेळा.”

“आणि भीती कशाची वाटते, ते त्याला कळवलंय?”

“त्याला तर सगळं माहीत असतं.”

“त्याला माहीत आहे. तुम्ही सांगितलंय का?”

मी कोरा कागद आणि पेन पुढे केलं. खूप वेळ ती नुसती बसून राहिली. पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग एकच ओळ लिहिली आणि कागद माझ्याकडे न देता स्वतःच वाचली: “प्रभू, मला एकटीला मागे राहायची भीती वाटते.” आणि रडली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मोकळेपणाने रडले, असं ती नंतर म्हणाली.

भीतीला वळसा घालत राहिलं की ती तशीच राहते, हे समुपदेशनात रोज दिसतं. ‘शांती दे, शांती दे’ हा तिचा वळसाच होता. अगदी प्रामाणिक, तरीही वळसा. बायबलमधले स्तोत्रकर्ते वळसा घालत नाहीत. 13व्या स्तोत्रात पहिल्या दोनच वचनांत चार वेळा ‘कोठवर’ येतं. 88वं स्तोत्र तर अंधाराच्याच शब्दावर संपतं, शेवटी दिलासा म्हणून काहीही जोडलेलं नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये ही स्तोत्रं फार क्वचित वाचली जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. घाबरलेल्या माणसाला देवाने दिलेले शब्द आहेत ते.

यानंतर आम्ही एक रीत ठरवली. संध्याकाळी ठरलेल्या वेळी वीस मिनिटं, वही घेऊन. त्यात त्या दिवशीची भीती नाव घेऊन लिहायची, ‘मला कसंतरी होतंय’ असं मोघम नाही. मग त्यातलं आज माझ्या हातात काय आहे ते वेगळं करायचं: डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, फाइल लावणं, मुलाला फोन. जे हातात नाही ते वाचून दाखवायचं, देवाला, मोठ्याने. शेवटी त्या दिवसातली एक खरी गोष्ट आभाराची. वही बंद. रात्री तीनला विचार आला की स्वतःला सांगायचं, हे उद्या संध्याकाळी वहीत. चिंतेला वेळ नेमून देण्याची ही पद्धत मानसोपचारात जुनी आहे. आम्ही ती प्रार्थनेच्या वेळेला जोडली, एवढंच. सोबत सावकाश श्वास, सोडताना थोडा लांबवून, आणि त्यावर स्तोत्रातले दोन-तीन शब्द.

आभाराच्या ओळीला ती आधी बिचकली. खोटं खोटं आनंदी राहायचं का, म्हणाली. मी म्हटलं, जे दिसलं तेवढंच लिहा. तिसऱ्या आठवड्यात तिने वही दाखवली. एका पानावर होतं: “आज यांनी बुटाच्या नाड्या स्वतः बांधल्या. मी दारातून बघत होते. त्यांना कळलं नाही.”

राहिला होता मंडळीचा प्रश्न. त्यासाठी आम्ही गेथशेमाने बागेचा, येशूला अटक झाली त्या रात्रीचा भाग वाचला. येशूने तिघांना बरोबर नेलं आणि सांगितलं की माझा जीव मरणप्राय झाला आहे, इथे थांबा, जागे राहा. देवाचा पुत्रही त्या रात्री सोबत मागतो, भीती लपवत नाही. सोबती झोपले, ही वेगळी गोष्ट. पण त्याने मागितली. हे वाचल्यावर तिने संडे स्कूलमधल्या एका मैत्रिणीला फोन केला. काय बोलायचं ते आधी वहीत लिहून घेतलं होतं: “स्कॅनच्या दिवशी माझ्याजवळ येऊन बस. वचन सांगू नकोस, समजावू नकोस. नुसती बस.” मैत्रीण आली. तीन तास बसली.

त्या दिवसानंतर ती भेटायला आली तेव्हा मी विचारलं, कसं गेलं? हात कापत होते, म्हणाली. आदल्या रात्री चार तास झोप लागली, पूर्वी एकही तास लागायची नाही. “ताई, भीती होती. पण या वेळी ती आणि मी अशा दोघीच नव्हतो खोलीत.”

तिच्या वचनाला लागूनच पुढे येणाऱ्या ‘देवाची शांती तुमची अंतःकरणे राखील’ यातलं ‘राखील’ हे मुळात सैनिकी क्रियापद आहे, शहरावर पहारा ठेवणं अशा अर्थाचं. फिलिप्पै ही रोमन वसाहत होती, निवृत्त सैनिक तिथे वसवलेले होते. पहारा म्हणजे काय, हे तिथल्या लोकांना सांगावं लागलं नसणार. पहारा बसवतात तोच मुळी धोका असतो म्हणून. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. मान खाली घालून वहीत टिपून घेतलं.

तो स्कॅन स्वच्छ आला. पुढचा तीन महिन्यांनी आहे, आणि त्याचं काय होईल हे तिला, मला, डॉक्टरांना, कुणालाच ठाऊक नाही. ती आता महिन्यातून एकदा येते. प्रार्थनासभेला पुन्हा जाऊ लागली आहे. मुलांना एलीयाची गोष्ट तिने नव्याने शिकवली, झोपेसकट. एका मुलाने विचारलं, म्हणजे देवाने त्याला ओरडलं नाही? ती म्हणाली, नाही रे, जेवायला दिलं.

मागच्या भेटीत तिने बायबल काढलं आणि ते पान उघडलं. फाटलेल्या जागी मागून पारदर्शक पट्टी चिकटवली होती, काळजीपूर्वक, एकही सुरकुती न पडू देता. आणि ‘चिंताक्रांत होऊ नका’च्या शेजारी, समासात, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: “2:27 पाहा. दुःखावर दुःख.”