टेक्सासला येताय आणि बंदुकीचं विचारलंत म्हणून

तुमचा प्रश्न असा आहे की एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर डॅलसला येतोय, बायको आणि सात वर्षांची मुलगी सोबत, तिथे म्हणे घरोघरी गन असते मग आपणही सेफ्टीसाठी एक घ्यावी का, आणि टीममधले लोक आत्तापासूनच शूटिंग रेंजवर नेतो म्हणतायत तर जावं का. मी बरीच वर्षं याच भागात आहे, आता ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

घेऊ नका. एच-वन, एच-फोर (जोडीदार-मुलांचा), एफ-वन (विद्यार्थ्यांचा) काहीही असो, नॉन-इमिग्रंट म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर असताना बंदूक किंवा काडतुसं बाळगायला फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्यानेच बंदी आहे. टेक्सासने २०२१ पासून २१ वर्षांवरच्या माणसाला लायसन्सशिवाय हँडगन घेऊन फिरायची मुभा दिलीये, पण ती ज्याला कायद्याने बंदी नाही त्यालाच, म्हणजे तुम्हाला नाहीच. एक अपवाद आहे, राज्याचं शिकारीचं लायसन्स असेल तर चालतं, आणि इथे आलात की आपलेच लोक सांगतील की फी भर, हंटिंग लायसन्स काढ आणि मोकळा हो. कायद्यात बसतं ते, पण त्याची मुदत संपली आणि तुमच्या लक्षात राहिलं नाही तर काय? २०२२ पासून या कलमाला १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि पुढचं ग्रीन कार्डचं वगैरे तर विसराच.

रेंजवरही तेच. विकत घेतली नाही, फक्त हातात धरली तरी ते बाळगणं धरलं जाऊ शकतं. फ्लोरिडात एका परदेशी विद्यार्थ्याला कॉलेजने काढून टाकलं, त्यामुळे स्टेटस, म्हणजे इथे कायदेशीर राहण्याचा हक्क गेला, तरी तो तिथेच राहिला आणि रेंजवर जाऊन नेमबाजी केली, त्यावर त्याला दीड वर्षाची शिक्षा झाली. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला की आपलं स्टेटस गेलंय हे त्याला माहीत होतं हे सरकारने सिद्ध केलं पाहिजे. लोक 'सुटला' एवढंच लक्षात ठेवतात, मधली वर्षं कोणी मोजत नाही. लेऑफ झाला, ६० दिवसांत नवी नोकरी नाही मिळाली, की तुमच्याही स्टेटसचं असंच होऊ शकतं.

आता कलमांमध्ये जे लिहिलेलं नाही ते. आमच्याकडे कोकणात शेतीसंरक्षणाची बंदूक असलेली घरं आहेत, निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात आणि लोक करतातही. इथे असं नुसतं बोलून बघा, कारण इथे तो १७९१ पासूनचा घटनेतला हक्क आहे. ठीक आहे, पण हक्क सगळ्यांचा असेल तर सगळ्यांना सारखा लागू पाहिजे ना? २०१६ मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टिल या शाळेच्या कॅफेटेरियात काम करणाऱ्या काळ्या माणसाची गाडी पोलिसाने थांबवली, त्याच्याकडे परमिट होतं, त्याने स्वतःहून नीट सांगितलं की माझ्याकडे गन आहे, आणि काही सेकंदांत त्याला गोळ्या घातल्या, गाडीत त्याची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. पोलीस पुढच्या वर्षी निर्दोष सुटला. आणि २०२० मध्ये विस्कॉन्सिनच्या केनोशात १७ वर्षांचा एक गोरा मुलगा तीन जणांवर गोळ्या झाडून, त्यातले दोघं मेले, रायफल गळ्यात लटकवून हात वर करून पोलिसांच्या गाड्यांकडे चालत आला तर त्या गाड्या त्याच्या बाजूने पुढे निघून गेल्या. पुढे ज्युरीने स्वसंरक्षण मान्य केलं, त्यात मी शिरत नाही, पण पोलिसांच्या त्या दोन वागण्यांमधला फरक बघा. मला अजून राग येतो.

हे नवीन नाही. १९६७ मध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे ब्लॅक पँथरवाले कॅलिफोर्नियात भरलेल्या बंदुका उघड घेऊन फिरायला लागले, जे तेव्हा कायदेशीर होतं, तर त्याच वर्षी तिथे त्यावर बंदी आली, सही गव्हर्नर रेगनची, आणि पाठिंबा एनआरएचा, म्हणजे बंदुकीच्या हक्कासाठी भांडणाऱ्या संघटनेचाच.

इथे काही मराठी घरांत ऐकाल की २०१७ मध्ये कॅन्ससला बारमध्ये आपल्या इंजिनियरला व्हिसा विचारून मारलं, म्हणून गन हवीच. ती भीती खरी आहे, मला ती खोटी ठरवायची नाही. पण अंधारात पोलीस आला आणि गन तुमच्या हातात असली तर तो आधी काय बघेल, याचा विचार करा, पुढे ग्रीन कार्ड मिळाल्यावरसुद्धा.

गाडी थांबवली तर हात स्टीअरिंगवर ठेवा, आतला लाईट लावा, कागद कुठे आहेत ते सांगून मगच हात घाला. बायकोलाही हे आधीच सांगून ठेवा. आणि मुलगी मैत्रिणीकडे खेळायला जाणार असेल तर तिच्या आईवडिलांना सरळ विचारा, घरात गन आहे का, लॉक करून ठेवता का. इथे हे विचारणारे पालक आहेत, कोणी वाईट वाटून घेतलं तर घेऊ द्या.