तापाच्या दिवसाची मजुरी

प्रश्न : बडोद्यात मांजलपूरला आमच्या सोसायटीमागे इमारतीचं काम चालू आहे. दाहोदकडची आठ-दहा कुटुंबं तिथे पत्र्याच्या छापरांत राहतात. त्यातल्या एकीचं बाळ अडीच महिन्यांचं होतं, तेव्हा मी आग्रहाने तिला केंद्रावर नेऊन लस द्यायला लावली. त्याच रात्री बाळाला ताप भरला आणि तिचे दोन खाडे पडले. आता बाळ पाच महिन्यांचं होत आलं. पुढच्या डोसचं नाव काढलं की ती म्हणते, "नथी मुकाववी," नाही टोचून घ्यायची. बाकीच्या बायकाही मला बघून आत जातात. जन्माच्या वेळचं ममता कार्ड, म्हणजे लसींच्या नोंदीचं कार्ड, गावी सासूकडे आहे, केंद्रावरची चिठ्ठी पावसात भिजली आणि बाळाचं आधार काढलेलंच नाही. माझं काही चुकलं का? – एक वाचक, मांजलपूर

उत्तर : ताई, तुम्ही तिला नेलंत हे चांगलंच केलंत. फक्त ताप येऊ शकतो हे तिला आधी कुणी सांगितलं नाही. ते सांगणं सिस्टरचं काम. लस दिल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्या असतात : कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुन्हा कधी यायचं आणि कार्ड जपून ठेवायचं. रांग मोठी असली की दुसरी गोष्ट राहून जाते. मी या शहरात बत्तीस वर्षं लसीकरणाचं काम केलं. माझ्याही हातून ती राहिली आहे आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना मांडीत देतात ती पेंटाव्हॅलंट, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा जंतू) या पाचांची एकच लस. तिच्यातल्या डांग्या खोकल्याच्या भागामुळे ताप येतो. टोचलेली जागा लाल होते, थोडी सुजते, बाळ किरकिरतं. बहुतेकदा एक-दोन दिवसांत उतरतं. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते वजनावर ठरतं, म्हणून ते सिस्टरला विचारूनच द्यायचं. बाळाला झटका आला, ते तासन्‌तास रडायचं थांबेना, किंवा मलूल पडून दूध घेईना, तर मात्र वाट न बघता दवाखाना गाठायचा.

आता तिच्या "नथी मुकाववी"बद्दल. अशाच एका साइटवर एक बाई तीनदा नाही म्हणाली होती. चौथ्यांदा मी लसीचं नावच काढलं नाही, तिच्या छापराच्या दाराशी नुसती बसले. दोन बांबूंना झोळी बांधली होती आणि सहा वर्षांची मोठी मुलगी दोरी ओढत होती. आई तगारं बाजूला ठेवून आली आणि बोटांवर मोजायला लागली : स्वतःचा रोज, नवऱ्याने मुकादमाकडून घेतलेली उचल, खाडा पडला तर त्यातून कापले जाणारे पैसे. मग म्हणाली, "अमे नथी बीता, बेन. काले आने कोण राखे?" आम्ही भीत नाही, पण उद्या तापात याला सांभाळणार कोण? आमच्या रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे 'नकार' असा शेरा होता. तो मीच लिहिला होता.

आपल्याकडे पुष्कळ साइटवर अमासला, म्हणजे अमावास्येला, काम बंद असतं. त्या साइटवर आम्ही अमासच्या आदल्या दिवशी दुपारी लस द्यायला लागलो. ताप आलाच तर रात्री येतो आणि दुसऱ्या दिवशी आई घरी असते. त्या बाईने पहिल्याच खेपेला बाळ पुढे केलं. तिच्या मागून आणखी चौघी आल्या.

म्हणून तुम्ही तिच्याकडे जा, पण लसीचा विषय लगेच काढू नका. "तुझे दोन दिवस बुडाले, मला आधी सांगायला हवं होतं," एवढंच म्हणा. पुढची लस सुट्टीच्या आदल्या दिवशी घेऊ असं तिला सांगा. केंद्राचा दिवस त्या दिवशी येत नसेल, तर लस दिल्याच्या दुसऱ्या दिवशी बाळापाशी कोण बसणार ते आधी ठरवा. तुमच्या सोसायटीतल्या दोन बायका आलटून पालटून बसल्या तरी तिचा खाडा वाचतो.

गरिबांना बिघडलेलं औषध देतात, अशीही एक समजूत वस्त्यांमध्ये असते. तिच्यावर वाद घालू नका. सिस्टरला लसीची बाटली दाखवायला सांगा. बाटलीवर एक गोल असतो आणि त्या गोलात चौकोन. चौकोन भोवतालच्या गोलापेक्षा फिकट असेल तर लस उष्णतेने बिघडलेली नाही. गोलाइतकाच गडद झाला, तर ती फेकून द्यायची. अक्षर न येणाऱ्या बाईलाही ते दिसतं. बाटली तिच्या हातात द्यायची आणि तिलाच बघू द्यायचं. सिरिंजसुद्धा तिच्यासमोर पाकिटातून काढतात आणि एकदा वापरली की दट्ट्या अडकतो, दुसऱ्या मुलाला ती वापरताच येत नाही.

कार्ड आणि आधारची काळजी सोडा. सरकारी केंद्रावर बाळाची लस मोफत असते आणि आधार नाही म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही. करोनाच्या वेळी मोबाइल आणि ओळखपत्राचा एवढा गजर झाला की कागदाशिवाय लस नाही, हे लोकांच्या मनात पक्कं बसलं. खरं तर मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने ओळखपत्र नसलेल्यांनाही ती लस देण्याची पद्धत ठरवून दिली होती. सासूला फोन करून कार्डाचा फोटो मागवता आला तर उत्तम. केंद्राच्या नोंदीत मागचा डोस बहुधा सापडेल. मध्ये अंतर पडलं म्हणून पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, राहिलं तिथून पुढे जायचं. दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत, ते तर केव्हाच झाले.

आणि नवव्या महिन्याची तारीख आत्ताच लिहून ठेवा. ती गोवर-रुबेलाची, म्हणजे आपण इथे ओरी म्हणतो तिची. ओरीचा एक रोगी, लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांपर्यंत रोग पोचवू शकतो आणि छापरं तर एकमेकांना चिकटून असतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला साथ आली, तेव्हा दाट वस्तीतली लहान मुलं दगावली. ते वाचून मला झोप लागली नव्हती.

प्रश्न : मी वाघोडिया रोडवर साइट सुपरवायझर आहे. आमच्याकडे चाळीस कुटुंबं आहेत, पण ती दर चार-सहा महिन्यांनी बदलतात. त्यांच्या मुलांसाठी कुणाला सांगायचं?

उत्तर : जवळच्या अर्बन हेल्थ सेंटरला साइटचा पत्ता आणि पाच वर्षांखालच्या मुलांची यादी द्या आणि साइटवरच लसीकरण ठेवायची मागणी करा. पोलिओच्या वेळी वीटभट्ट्या, बांधकामं, रेल्वे स्टेशनं अशीच टिपून काढली होती. मूल भेटलं नाही किंवा घरच्यांनी नकार दिला, तर दारावर खडूने 'एक्स' लिहायचा. डोस मिळाला की पुन्हा जाऊन त्याचा 'पी' करायचा. देशातला नैसर्गिक पोलिओ-विषाणूचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. लसीच्या दुसऱ्या दिवशी त्या आईचा खाडा धरू नका. आणि होळीच्या आधी आठ-दहा दिवस केंद्राला आठवण करा, कारण होळीला सगळे गावी जातात आणि परत येतात ते बहुधा दुसऱ्याच साइटवर. निघण्याआधी प्रत्येक आईच्या पिशवीत कार्ड आहे ना, तेवढं बघा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या, म्हणजे भिजणार नाही.